जुनी शिदोरी, नवी वाट

दहा-पंधरा वर्षे एका क्षेत्रात घालवल्यावर सॉफ्टवेअरकडे वळायचे, म्हणजे पाटी पुसून पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायचे का? संगणकाचा इतिहास काही वेगळेच सांगतो.

शाळेत बारा वर्षे गणित शिकवणारी शिक्षिका, खाजगी कंपनीत हिशेब सांभाळणारा लेखापाल, रात्रपाळ्या करून थकलेली परिचारिका, बँकेच्या काउंटरवर उमेदीची वर्षे घालवलेला कारकून. यांच्यापैकी कुणी घरी येऊन सांगितले की, 'मी प्रोग्रॅमिंग शिकायचे म्हणतो आहे', की घरात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. पहिला प्रश्न पैशाचा. हातातली नोकरी गेली आणि नवीन काही जमले नाही तर? दुसरा प्रश्न सहसा कुणी बोलून दाखवत नाही, पण तोच अधिक बोचतो. मग आजवरची एवढी वर्षे वाया गेली असेच म्हणायचे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने आपली मिळकत, कर्जाचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे पाहूनच द्यायचे असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बरेचसे ठरलेले आहे. सुरुवातीच्या काळात ज्यांनी संगणकाला कामे करायला शिकवले, त्यांच्यापैकी कुणीच 'सॉफ्टवेअर'चे शिक्षण घेतलेले नव्हते. तसे शिक्षणच तेव्हा अस्तित्वात नव्हते. सगळे कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या कामातून आले होते आणि येताना त्या कामाची शिदोरी बरोबर घेऊन आले होते.

चहाच्या दुकानातला संगणक

कार्यालयीन कामासाठी संगणक वापरण्याची सुरुवात कुठे झाली असेल? एखाद्या मोठ्या बँकेत किंवा विमा कंपनीत, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती झाली लंडनमधल्या चहा-बिस्किटांच्या कंपनीत. जे. लायन्स अँड कंपनीची चहाची दुकाने ब्रिटनमध्ये गल्लोगल्ली प्रसिद्ध होती. एक कप चहा आणि एक बन यांवर मिळणारा नफा अगदी तुटपुंजा, पण रोजची बिले मात्र हजारोंनी. ती तपासायला कारकुनांची फौज ठेवावी लागे. हा खर्च कमी कसा करता येईल, या विचारात असलेल्या लायन्सच्या व्यवस्थापकांनी १९४७ मध्ये अमेरिकेचा दौरा केला. तिथे त्यांनी इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांबद्दल ऐकले. परतल्यावर केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना पैशाची मदत केली आणि त्यांच्या यंत्राच्या धर्तीवर चक्क स्वतःचा संगणक बांधायला घेतला. त्याचे नाव 'लिओ', म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नोव्हेंबर १९५१ मध्ये या यंत्राने कंपनीच्या बेकरीतल्या मालाच्या किमतीचा हिशेब करायला सुरुवात केली.

आता या यंत्रासाठी प्रोग्रॅम कोण लिहिणार? लायन्सने बरीचशी माणसे आपल्याच कचेरीतून निवडली. त्यांचे प्रमुख डेव्हिड कॅमिनर हे १९३० च्या दशकात व्यवस्थापनाचे उमेदवार म्हणून कंपनीत आलेले. कारकुनी कामाची पद्धत कशी सुधारता येईल, हे पाहणे हे त्यांचे जुने काम. प्रोग्रॅम लिहिण्याआधी ते काम प्रत्यक्षात कसे चालते हे बारकाईने समजून घ्यायचे आणि एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासल्याखेरीज यंत्रावर चढवायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. हिशेबाच्या खात्यात एकाने मांडलेली बेरीज दुसरा पडताळतो, त्यातलाच हा प्रकार. आज मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एकाचे काम दुसऱ्याने तपासायची जी पद्धत आहे, ती या कचेरीत तेव्हापासून चालू होती.

१९५२ मध्ये या गटात मेरी कूम्ब्स दाखल झाल्या. व्यापारी कामासाठी प्रोग्रॅम लिहिणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण फ्रेंच भाषेचे. लायन्समध्येच साध्या कार्यालयीन कामावर असताना कंपनीने संगणकासाठी योग्य माणसे निवडण्याकरिता एक छोटा अभ्यासवर्ग घेतला. त्यात त्या बसल्या आणि निवडल्या गेल्या. पुढे कर्मचाऱ्यांच्या पगाराचा हिशेब यंत्रावर आणण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. एका कर्मचाऱ्याचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला साधारण ८ मिनिटे लागत. 'लिओ' ते काम दीड सेकंदात करू लागला.

पगार काढणे म्हणजे गुणाकार-भागाकारच ना, असे वाटेल. पण ज्यांनी पगारपत्रक बनवले आहे त्यांना ठाऊक असते की, खरी गंमत अपवादांत असते. कुणी महिन्याच्या मध्येच रुजू झाला, कुणाची आगाऊ रक्कम कापायची आहे, कुणाची कपात एवढी झाली की पगार शून्याखाली जातो. हे सगळे अपवाद ज्याला आधीच सुचतात, त्याचा प्रोग्रॅम टिकतो. आणि ते सुचण्यासाठी कचेरीत काही वर्षे काढलेली असावी लागतात.

हाताने गणिते केलेल्या सहा जणी

लायन्सच्याही आधीची गोष्ट अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळा किती अंतरावर जाऊन पडेल, याची कोष्टके बनवण्यासाठी फिलाडेल्फियात अनेक तरुणी हाताने आणि साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करत. त्यांच्या पदाचे नावच 'कॉम्प्युटर' होते. पुढे हेच काम करण्यासाठी 'एनिॲक' हे अवाढव्य यंत्र तयार झाले, तेव्हा १९४५ मध्ये त्यांच्यातल्याच सहा जणींना ते चालवण्यासाठी निवडण्यात आले. शिकायला पुस्तक नव्हते की शिकवायला शिक्षक. यंत्राच्या आराखड्यांचे कागद पुढ्यात घेऊन त्यांनी ते समजून घेतले.

ते त्यांना जमले कसे? ज्या गणिताच्या पायऱ्या यंत्राकडून करून घ्यायच्या होत्या, त्या त्यांनी स्वतः शेकडो वेळा हाताने केल्या होत्या. कुठल्या पायरीनंतर कुठली येते आणि चूक कुठे शिरते, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. या सहांपैकी बेटी स्नायडर यांनी विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यास केला होता, हेही मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे.

शिक्षिकेने दिलेली देणगी

ग्रेस हॉपर यांचे उदाहरण तर शिक्षकवर्गाने आवर्जून जाणून घ्यावे. १९३१ पासून त्या अमेरिकेतल्या व्हॅसर महाविद्यालयात गणित शिकवत. युद्धकाळात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्या नौदलात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठातल्या 'मार्क वन' या यंत्रावर पाठवण्यात आले. सदतिसाव्या वर्षी सुरुवात! त्या यंत्राच्या वापराची जाडजूड माहितीपुस्तिका लिहिण्याचे कामही त्यांच्याकडेच आले.

त्या काळी यंत्राला सूचना द्यायच्या त्या आकड्यांच्या सांकेतिक भाषेत. ही भाषा मूठभर तज्ज्ञांनाच येणार, मग बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न हॉपर यांना सतावत होता. विषय कठीण असेल तर विद्यार्थ्याला दोष न देता शिकवण्याची पद्धत बदलायची, ही शिक्षकाची वृत्ती. त्यांनी १९५२ मध्ये एक असा प्रोग्रॅम तयार केला, जो इतर प्रोग्रॅम जुळवून देण्याचे किचकट काम स्वतः करी. पुढे साध्या इंग्रजी शब्दांत सूचना देता येतील अशी भाषा त्यांच्या गटाने बनवली. १९५९ मध्ये आखणी सुरू झालेल्या 'कोबोल' या भाषेची ती पूर्वपीठिका ठरली. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांचा कारभार नंतर कित्येक दशके याच भाषेवर चालला आणि काही ठिकाणी आजही चालतो.

आपल्याकडचे दाखले

असे दाखले परदेशातच मिळतात असे नाही. गावोगावच्या दुकानांत, गोदामांत आणि चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयांत 'टॅली' हे नाव घरच्यासारखे झाले आहे. त्याचा जन्म एका व्यापाऱ्याच्या अडचणीतून झाला. श्यामसुंदर गोएंका यांचा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना माल पुरवण्याचा व्यवसाय होता. आपल्या धंद्याचे हिशेब नीट ठेवील असे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना. गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी ते लिहायला घेतले आणि १९८६ मध्ये बंगळूरमध्ये कंपनी सुरू झाली. वडिलांना खतावणी आणि किर्द यांची नस माहीत होती आणि मुलाने ती प्रोग्रॅममध्ये उतरवली. म्हणूनच संगणकाला हातही न लावलेल्या मुनीमजींना ते परके वाटले नाही.

दुसरे उदाहरण रेल्वेचे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर नवी दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले. त्याआधी जाडजूड रजिस्टरांत नावे लिहिली जात. १९८६ मध्ये रेल्वेने संगणकाच्या कामांसाठी 'क्रिस' ही स्वतंत्र संस्था उभारली. त्यात संगणकतज्ज्ञांच्या जोडीला रेल्वेतली अनुभवी माणसेही घेतली गेली. कारण उघड आहे. प्रतीक्षा यादी, आर.ए.सी., महिलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी राखीव बर्थ, मधल्या स्थानकांचा कोटा, गाडी सुटण्याआधी तयार होणारा तक्ता, हे सगळे नियम कुठल्याही संगणकाच्या पुस्तकात सापडत नाहीत. बाजूच्या एकाच बर्थवर दोन प्रवाशांना बसवायचे आणि जागा रिकामी झाली की त्यांच्यापैकी कुणाला आधी द्यायची, हे ज्याने फलाटावर निस्तरले आहे तोच ते नेमके सांगू शकतो.

मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे तिसरे नाव र. कृ. जोशी यांचे. ते हाडाचे सुलेखनकार. जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी नाव कमावले आणि नंतर मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये अध्यापन केले. देवनागरी अक्षराचे वळण, काना-मात्रांची जागा, जोडाक्षरांची बांधणी हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. विंडोजवरचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांच्याच हातचा. संगणकावर मराठी-हिंदी लिहिणाऱ्या असंख्य लोकांनी हा फॉन्ट वापरला आहे. २००८ मध्ये जोशी यांचे निधन झाले. बोरू आणि कुंचल्याने अक्षर घडवणाऱ्या माणसाचे ज्ञान संगणकाला किती मोलाचे ठरते, हे त्यांच्या कामावरून दिसते.

शिदोरीत नेमके काय असते?

'अनुभव कामी येतो' असे मोघम म्हणून भागत नाही. कुठला अनुभव कुठे कामी येतो, हे पाहायला हवे.

शिक्षकाचे पाहा. उत्तरपत्रिका तपासताना चांगला शिक्षक शेवटचे उत्तर चूक दिसले म्हणून नुसती फुली मारत नाही. तो वरपासून पायऱ्या वाचत येतो आणि हातचा घ्यायचा कुठे राहिला किंवा चिन्ह कुठे बदलले ते शोधतो. प्रोग्रॅममधली चूक शोधणे हे नेमके असेच काम आहे आणि प्रोग्रॅमरचा पुष्कळसा वेळ त्यातच जातो. शिवाय मोठा धडा छोट्या तासिकांत कसा वाटायचा, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. मोठे काम लहान भागांत विभागणे ही प्रोग्रॅमिंगची पहिली पायरी आहे.

लेखापालाकडे असते ती ताळा जुळवण्याची सवय. जमा आणि नावे यांत एका रुपयाचा फरक पडला तरी त्याला झोप येत नाही. शिवाय नियमांचे ज्ञान असते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हाचा गोंधळ पुष्कळांना आठवत असेल. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेताना केंद्राच्या कराची जमा रक्कम राज्याच्या कराकडे वळवता येत नाही आणि एकात्मिक कराची जमा आधी संपवावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही असा हुशार प्रोग्रॅमर सगळ्या रकमांची सरसकट बेरीज करून मोकळा होईल. प्रोग्रॅम बिनतक्रार चालेल, पण व्यापाऱ्याला नोटीस येईल.

परिचारिकेचे शिक्षणच पडताळणीचे असते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग, ही पंचसूत्री तिच्या मनावर कोरलेली असते. एकाच वॉर्डात सुनीता पाटील नावाच्या दोघी असू शकतात, म्हणून नावावर विसंबायचे नाही, हे तिला कळते. मिलिग्रॅमच्या जागी मायक्रोग्रॅम वाचले गेले तर मात्रेत हजारपटीचा फरक पडतो, हेही. रुग्णालयाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटात अशी एक व्यक्ती असेल, तर केवढे तरी अनर्थ टळतील.

काउंटरवर बसणाऱ्याला माणसांची पारख असते. ग्राहक मागतो एक आणि त्याला हवे असते दुसरेच, हे तो रोज पाहतो. सॉफ्टवेअरमध्येही असेच घडते. 'आम्हाला एक अहवाल हवा' असे म्हणणाऱ्याला पुष्कळदा अहवाल नको असतो. कुणाची थकबाकी राहिली आहे, एवढेच त्याला हवे असते. दोन नेमके प्रश्न विचारून हे काढून घेता आले, तर महिन्याचे काम दोन दिवसांत होते.

आणि गृहिणी? विणकाम करणारीला विचारा. 'दोन सुलट, दोन उलट, असे ओळ संपेपर्यंत' या सूचनेत पुनरावृत्ती आहे आणि ती कधी थांबवायची याची अटही आहे. प्रोग्रॅमच्या सूचना अशाच असतात. वीस ओळींपूर्वी सुटलेला टाका शोधून तेवढाच सावरायचा आणि बाकीची वीण उसवू द्यायची नाही, ही चिकाटी ज्या हातांत आहे, त्यांना संगणकाची भीती बाळगण्याचे कारण नाही. मुलांसाठी नोकरी सोडावी लागलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर ब्रिटनमध्ये एक प्रयोगच झाला. स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये घरबसल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या स्त्रियांची कंपनी काढली. तिच्या पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या.

जे बरोबर येत नाही

इथवर वाचून कुणी उद्याच राजीनामा लिहायला बसू नये. शिदोरी वाटेत उपयोगी पडते, पण वाट मात्र स्वतःलाच चालावी लागते.

पहिली गोष्ट, जुने पद बरोबर येत नाही. पंधरा वर्षे 'सर' किंवा 'मॅडम' ऐकलेल्या माणसाला पंचविशीतल्या मुलाकडून 'हे चुकले आहे, पुन्हा करा' असे ऐकावे लागते. हे ज्याला झेपत नाही, त्याची प्रगती तिथेच खुंटते. दुसरी गोष्ट पगाराची. सुरुवातीला तो जुन्या पगारापेक्षा कमी असण्याचीच शक्यता अधिक. तिसरी गोष्ट म्हणजे सराव. पोहणे जसे पुस्तक वाचून येत नाही, तसेच प्रोग्रॅमिंगही नुसती व्याख्याने ऐकून येत नाही. रोज एक-दोन तास, काही महिने, स्वतः लिहायचे, चुकायचे आणि दुरुस्त करायचे, याला पर्याय नाही.

काही जुन्या सवयी तर आडव्याही येतात. शिक्षकाला 'मला हे येत नाही' असे म्हणायचा संकोच असतो. अधिकाऱ्याला स्वतः काम करण्यापेक्षा काम सांगण्याची सवय लागलेली असते. कचेरीतल्या माणसाला 'आमच्याकडे हे असेच चालते' हे वाक्य फार प्रिय असते. या सवयी घरी ठेवूनच निघावे.

सर्वांत जवळचा दरवाजा

बहुतेक जण इथे एक चूक करतात. ते आपले जुने क्षेत्र पूर्ण विसरून नवख्या तरुणांच्या रांगेत उभे राहतात. त्या रांगेत संगणकाची ताजी पदवी घेतलेली, रात्र-रात्र जागू शकणारी मुले असतात. तिथे चाळिशीच्या माणसाचा निभाव लागणे कठीण. त्याने आपला दरवाजा निवडावा. परिचारिकेने रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरकडे, लेखापालाने हिशेब आणि कराच्या सॉफ्टवेअरकडे, शिक्षकाने शैक्षणिक सॉफ्टवेअरकडे, बँकेतल्या माणसाने बँकिंगच्या सॉफ्टवेअरकडे वळावे. तिथे तो नवखा प्रोग्रॅमर असला, तरी त्या विषयातला जाणकार असतो.

पहिल्याच दिवशी प्रोग्रॅमर व्हायला हवे असेही नाही. तयार झालेले सॉफ्टवेअर तपासणे, ग्राहकाची गरज समजून ती प्रोग्रॅमरला नेमक्या शब्दांत लिहून देणे, वापरणाऱ्यांना प्रशिक्षण देणे, माहितीपुस्तिका लिहिणे, ही सगळी याच घराची दारे आहेत. एका दाराने आत शिरले की, बाकीची खोल्यांची रचना हळूहळू कळते.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे आहे त्याच नोकरीत सुरुवात करणे. शाळेचा निकाल, सोसायटीच्या देखभालखर्चाची बिले, दुकानातल्या मालाची यादी, रुग्णालयातले पाळीपत्रक, यांपैकी एखादे रोजचे त्रासदायक काम निवडावे आणि ते करणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा. तो वापरणारी चार माणसे शेजारीच असतात आणि चुका सांगायला ती मागेपुढे पाहत नाहीत. पुढे मुलाखतीत कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा हे काम अधिक बोलके ठरते.

खिसा आणि घर

शिकण्यासाठी आज मोठा खर्च करावा लागत नाही. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर नामवंत संस्थांचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल, तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. त्यासाठी जे.ई.ई. परीक्षा लागत नाही आणि वयाची अटही नाही.

'नोकरीची शंभर टक्के हमी' असे फलक लावणाऱ्या महागड्या वर्गांपासून मात्र जपून राहावे. फी भरण्याआधी करारपत्र पूर्ण वाचावे. हमी म्हणजे नेमके काय, नोकरी न मिळाल्यास पैसे परत कधी व कोणत्या अटींवर, वर्गवाल्यांनी मिळवून दिलेले कर्ज कुणाच्या नावावर चढते, हे लेखी मागावे. तिथे आधी शिकून गेलेल्या दोघा-तिघांना स्वतः गाठून विचारावे. दागिने मोडून किंवा घर गहाण टाकून शिकण्यासारखे यात काही नाही.

घरातल्या माणसांशी बोलणे हाही तयारीचाच भाग आहे. रोजचे दोन तास कुणाच्या तरी वेळातूनच निघणार. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, वृद्ध आईवडिलांची औषधे, यांपैकी काय कुणाकडे जाईल, हे आधी ठरवलेले बरे. विशेषतः शिकणारी व्यक्ती सून किंवा पत्नी असेल, तर 'शीक की, कोण नको म्हणतंय' एवढे म्हणून घरच्यांची जबाबदारी संपत नाही. तिच्या वाटणीचे काम कुणीतरी उचलावे लागते. चालू नोकरी मात्र हातात ठेवावी. निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाची बेगमी आणि नव्या कामाचे लेखी पत्र, या दोन्ही गोष्टी हाती आल्यावरच राजीनाम्याचा विचार करावा.

यंत्रच प्रोग्रॅम लिहू लागले तर?

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले आणि पाठोपाठ प्रोग्रॅम लिहून देणारी अनेक साधने आली. आता साध्या भाषेत सांगितले की, यंत्र काही क्षणांत प्रोग्रॅम पुढ्यात ठेवते. मग शिकायचेच कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. केवळ सांगितलेले टंकून देणाऱ्या नवशिक्याची गरज यामुळे कमी होऊ शकते.

परंतु यंत्र लिहून देते ते बरोबर आहे का, हे कुणी ठरवायचे? वजावटीचा नियम चुकला आहे, औषधाची मात्रा हजारपट झाली आहे, आर.ए.सी.च्या दोघांना एकच पूर्ण बर्थ दिला गेला आहे, हे ओळखायला विषयाचा जाणकारच लागतो. यंत्राला काय सांगायचे आणि त्याने दिलेले कसे तपासायचे, ही दोन्ही कामे जुन्या अनुभवावर उभी आहेत. प्रोग्रॅमिंगची मूलतत्त्वे मात्र शिकावीच लागतात, कारण जे वाचताच येत नाही ते तपासणार कसे?

वय आडवे येते का?

जपानच्या मासाको वाकामिया यांनी शालेय शिक्षणानंतर बँकेत नोकरी धरली आणि तिथेच चाळीसहून अधिक वर्षे काढली. नोकरीच्या आरंभी बँकेतले हिशेब मणीपाटीवर चालत. निवृत्तीच्या सुमारास, घरी वृद्ध आईची शुश्रूषा करत असताना, चार लोकांशी संपर्क राहावा म्हणून त्यांनी संगणक घेतला. मोबाइलवरचे खेळ तरुणांसाठीच असतात आणि म्हाताऱ्यांना त्यांत गोडी वाटत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. मग त्या स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकल्या. २०१७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी बाहुल्यांच्या पारंपरिक जपानी सणावर आधारलेला 'हिनादान' हा खेळ तयार केला. त्या वर्षी ॲपल कंपनीने आपल्या जागतिक परिषदेला त्यांना अगत्याने बोलावले.

या आजीबाईंना तरुण प्रोग्रॅमरपेक्षा अधिक काय येत होते? प्रोग्रॅमिंग तर निश्चितच नव्हे. पण सत्तरी-ऐंशीतल्या माणसाला काय हवे असते, हे त्यांना आतून ठाऊक होते. ते कुठल्याही वर्गात शिकवले जात नाही.

म्हणून ज्यांच्या मनात हा विचार घोळतो आहे, त्यांनी पुस्तक विकत घेण्याआधी एक कोरा कागद घ्यावा. आपल्या आजवरच्या कामात नवख्या माणसाच्या हातून हमखास होणाऱ्या आणि आपल्या नजरेतून कधीही न सुटणाऱ्या दहा चुका त्यावर लिहून काढाव्यात. लिहिताना फार विचार करावा लागणार नाही. ती यादी पूर्ण झाली की, त्यातली एक चूक टाळणारा छोटासा प्रोग्रॅम कसा असेल, याचा विचार करावा आणि शिकायला तिथूनच सुरुवात करावी.